फिरत्या घरातले तापते कपाट

मोटरहोम हे एकाच वेळी वाहन आणि घर असल्यामुळे त्यातल्या प्रत्येक वस्तूला दोन्हीकडचे जाच सोसावे लागतात. रस्त्यावरची धूळ, हादरे आणि ऊन हे वाहनाकडून येतात, तर तासन्‌तास चालू राहणे, लाकडी सामानात बंदिस्त असणे आणि कोणाच्या डोळ्यांत न खुपणे या अपेक्षा घराकडून येतात. या कात्रीत सर्वांत जास्त सापडतात ती टीव्ही, ॲम्प्लिफायर, उपग्रह वाहिन्यांचा सेट-टॉप बॉक्स, डिस्क प्लेअर, गेम खेळण्याचा कन्सोल ही करमणुकीची उपकरणे. घराच्या दिवाणखान्यात ती सहसा उघड्या फळीवर, पंख्याखाली किंवा निदान भिंतीपासून वीतभर अंतरावर असतात. मोटरहोममध्ये मात्र त्यांच्या वाट्याला येते ते दार लावलेले कपाट, आणि तेही गाडीतल्या सर्वांत उष्ण जागी.

अमेरिकेत, जिथे हे वाहन रुजले आणि वाढले, तिथे मोटरहोमचे तीन वर्ग मानले जातात. ‘ए’ वर्गातील गाडी बससारखी सपाट तोंडाची आणि आकाराने सर्वांत मोठी, ‘बी’ म्हणजे आतून सजवलेली व्हॅन, आणि ‘सी’ वर्गात ट्रकच्या किंवा व्हॅनच्या केबिनवर पुढे झुकलेला झोपण्याचा कप्पा असतो. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी येथील विनेबागो कंपनीने १९६६ साली मोटरहोम बनवण्यास सुरुवात केली आणि त्यानंतरच्या काळात हे वाहन मध्यमवर्गीय निवृत्तांच्या आवाक्यात आले. ‘ए’ वर्गाच्या गाड्यांत टीव्हीची जागा बरीच वर्षे ठरून गेलेली होती : पुढच्या मोठ्या काचेच्या वर, चालकाच्या डोक्यावरच्या कपाटात, मधोमध. त्यामागे साधा हिशेब होता. जुन्या काचनळीच्या टीव्हीला हात-दीड हात खोली लागे, ती पुढच्या टोपीसारख्या फायबरग्लासच्या भागातच मिळे, आणि तिथला पडदा सोफ्यावरून, जेवणाच्या टेबलावरून आणि ओट्यापाशी उभे राहूनही दिसे. पाहणाऱ्याच्या सोयीने निवडलेली ही जागा उपकरणाच्या दृष्टीने मात्र फार वाईट होती.

वाईट होण्याची कारणे एकावर एक रचलेली आहेत. गरम हवा हलकी होऊन वर जाते, त्यामुळे गाडीतली सगळी ऊब छतालगत साठते, आणि हे कपाट छतालाच टेकलेले असते. त्याची मागची भिंत म्हणजे फायबरग्लासची टोपी. तिच्या आत उष्णतारोधक थर असला तरी पातळ आणि वळणांवर तुटक असतो, आणि गाडी दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करून उभी असेल तर दुपारभर ऊन थेट तिच्यावर पडते. खालून पुढची काच उष्णता पाठवत राहते, कारण काचेतून आत आलेले ऊन डॅशबोर्ड शोषून घेतो आणि तापलेल्या डॅशबोर्डची उष्णता काचेतून तितक्या सहज बाहेर पडत नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक ‘ए’ वर्गीय गाड्यांत इंजिनही पुढेच, दोन्ही आसनांच्या मधल्या उंचवट्याखाली असते. चार-पाच तासांच्या प्रवासानंतर त्याची धग सर्वांत आधी पुढच्या भागातच जाणवते. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर चालू रेडिओ ठेवावा, तसलाच हा प्रकार. फक्त इथे त्या माळ्याला पॉलिश केलेली दारे आणि पितळी मुठी आहेत.

बाहेरच्या तापमानाचे आकडे पाहिले म्हणजे यात अतिशयोक्ती नाही हे कळते. ॲरिझोनातील फीनिक्स शहरात २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३.३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक होते. त्याच राज्यातील टेम्पी येथे उन्हात उभ्या केलेल्या मोटारगाड्यांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ३८ अंशांहून अधिक तापलेल्या दिवशी एका तासात गाडीच्या आतले सरासरी तापमान सुमारे ४७ अंशांवर आणि डॅशबोर्डचे सुमारे ६९ अंशांवर गेल्याचे आढळले. घरगुती टीव्ही किंवा ॲम्प्लिफायर ज्या तापमानापर्यंत चालवावा असे त्याच्या पुस्तिकेत छापलेले असते, ते बहुधा ३५ किंवा ४० अंश असते. म्हणजे उपकरण चालू करण्याआधीच त्याच्या भोवतालची हवा छापील मर्यादेच्या पलीकडे गेलेली असू शकते.

या जुन्या व्यवस्थेत खरा बिघाड आणला तो सपाट पडद्याने. १२ जून २००९ रोजी अमेरिकेतील मोठ्या शक्तीच्या टीव्ही केंद्रांचे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण बंद झाले, आणि आधीच जुनाट वाटू लागलेले काचनळीचे टीव्ही मोटरहोममधूनही भराभर निघाले. त्यांच्या जागी आलेला पडदा चार बोटे जाडीचा. मालकांनी, आणि कित्येकदा दुरुस्ती-दुकानांनीही, जुन्या टीव्हीच्या भोकावर नवा पडदा बिजागरीवर बसवला आणि मागे मोकळी झालेली पोकळी दिसताच तिच्यात बाकीची उपकरणे भरली. जुन्या टीव्हीसाठी ठेवलेली वरची-खालची जाळी पडद्याच्या चौकटीने झाकली गेली किंवा फ्रेम सुबक दिसावी म्हणून पट्टी मारून बंद झाली. असे कपाट उघडून पाहिले तर दिसते ते असे : तळाशी ॲम्प्लिफायर, त्याच्या डोक्यावरच्या झरोक्यांना पोट टेकवून बसलेला सेट-टॉप बॉक्स, त्यावर डिस्क प्लेअर, मागे वेटोळे करून कोंबलेल्या केबलींचा गुंता, गाडी हलताना उपकरणे घसरू नयेत म्हणून चहूबाजूंनी ठोकलेल्या लाकडी पट्ट्या, आणि समोर या सगळ्याचे झाकण झालेला पडदा, जो स्वतःही पाठीकडून तापतो. सर्वांत जास्त उष्णता टाकणारे यंत्र तळाशी असल्यामुळे वरची दोन्ही त्याच्या उच्छ्वासावर जगतात.

या उपकरणांतून उष्णता किती निघते याचे उत्तर सोपे आहे : ती जेवढी वीज घेतात जवळजवळ तेवढीच. पडद्यावरचा प्रकाश आणि स्पीकरमधून निघणारा आवाज हा त्यातला फार थोडा भाग. बाकी सगळे वॅट उष्णता होऊन कपाटातच उतरतात. पारंपरिक पद्धतीचा बहुवाहिनी ॲम्प्लिफायर अगदी हळू आवाजातही ४० ते ६० वॅट घेतो. हार्ड डिस्कवर कार्यक्रम नोंदवणारा सेट-टॉप बॉक्स ३० ते ४० वॅट घेतो, आणि त्याची खोड अशी की रिमोटने ‘बंद’ केल्यावरही तो फारसा बंद होत नाही. डिस्क फिरत राहते, माहिती येत राहते, फक्त समोरचा दिवा विझतो. अमेरिकेतील नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१० मध्ये देशातल्या अशा बॉक्सांनी सुमारे २७ अब्ज युनिट वीज घेतली आणि तिच्यातली जवळजवळ दोन तृतीयांश कोणी काही पाहत नसतानाच खर्च झाली, असा हिशेब मांडला होता. घराच्या बाबतीत तो हिशेब विजेच्या बिलाचा असतो. मोटरहोममध्ये त्याचा अर्थ असा की रात्रभर कोणी जागे नसतानाही कपाट तापतच राहते आणि सकाळी ते थंड स्थितीपासून सुरुवात करत नाही.

आता त्या कपाटाचे माप घ्यावे. ७० सेंटीमीटर रुंद, ४५ उंच आणि ५० खोल, १२ मिलिमीटर प्लायवुडचे बंद खोके धरले तर त्याचा एकूण पृष्ठभाग सुमारे १.८ चौरस मीटर होतो आणि त्याच्या भिंतींतून, आतल्या-बाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंश फरकामागे, ढोबळमानाने ५ वॅट उष्णता बाहेर झिरपते. आत १०० वॅट जळत असतील तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी तापल्याशिवाय समतोल साधत नाही. आणि हे झाले सगळ्या बाजू मोकळ्या असतील तर. मागची बाजू उन्हातल्या टोपीला आणि वरची छताला चिकटलेली असल्यामुळे प्रत्यक्षातला फरक याहून मोठा असतो. वातानुकूलन चालू ठेवून बैठकीत २८ अंश राखले तरी दाराआड ५० अंश होणे हे म्हणूनच अपवादात्मक नाही, साधे गणित आहे.

एवढ्या उष्णतेने उपकरण लगेच जळत नाही, आणि दुखणे दुर्लक्षित राहते ते त्यामुळेच. पहिला बळी बहुधा वीजपुरवठ्याच्या पाटीवरील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा जातो. हा ॲल्युमिनियमच्या डबीत द्रव विद्युत-अपघट्य भरलेला, विजेचे चढउतार सपाट करणारा घटक असतो. तापमान वाढले की तो द्रव हळूहळू आटतो. स्वान्ते अऱ्हेनियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८८९ साली तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचा जो संबंध मांडला, त्यावर बेतलेला अभियंत्यांचा ठोकताळा सांगतो की दर १० अंशांच्या वाढीला या कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते. १०५ अंशांवर २,००० तासांची हमी असलेला कपॅसिटर ६५ अंशांवर सुमारे ३२,००० तास टिकेल, ७५ वर १६,००० आणि ८५ वर ८,०००. कपाटातली हवा २० अंशांनी जास्त तापलेली असणे म्हणजे उपकरणाच्या आयुष्याच्या चार भागांतले तीन टाकून देणे.

दुसरे दुखणे सांध्यांचे. चिप, तिचा पाया आणि खालची पाटी हे निरनिराळे पदार्थ तापल्यावर निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, आणि तापण्या-निवण्याच्या प्रत्येक फेरीत त्यांना जोडणाऱ्या झाळेच्या बारीक थेंबांवर ताण येतो. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवर येणाऱ्या तीन लाल दिव्यांच्या बिघाडापुरती हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. त्या बिघाडाच्या मुळाशी तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी चिपमधले जोड तुटणे हेच होते. हे कन्सोल घराघरांतल्या उघड्या फळ्यांवर बिघडत होते. मोटरहोममध्ये त्याच जोडांना वर रस्त्याचे हादरेही मिळतात. हार्ड डिस्कबद्दल मात्र सरसकट समज आहे तितकी सरळ गोष्ट नाही : गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांच्या नोंदी तपासल्या तेव्हा मध्यम तापमानाच्या टप्प्यात उष्णता आणि बिघाड यांचा संबंध अपेक्षेपेक्षा कमकुवत निघाला, अतिथंड डिस्कांतच बिघाड जास्त दिसले, आणि उष्णतेचा दोष ठळक झाला तो वरच्या टोकाला आणि जुन्या डिस्कांत. यातून घेण्यासारखे एवढेच की कपाट थंडगार करण्याचा हट्ट व्यर्थ आहे. ते ४० अंशांच्या आसपास राहिले तरी पुष्कळ.

उपायांच्या बाबतीत बहुतेकांचा हात आधी पंख्याकडे जातो, आणि गाडे अडते तेही तिथेच. संगणकातला छोटा पंखा कपाटाच्या आत कुठेतरी स्क्रूने बसवून दिला की हवा फिरते, पण तीच हवा फिरते. उपकरणाच्या पृष्ठभागावरची उष्णता जरा लवकर हवेत उतरते आणि हवा तापतच जाते. उष्णता बाहेर न्यायची तर हवा एका बाजूने आत यायला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जायला हवी, आणि ती किती हवी हे काढण्याची रीत अवघड नाही. समुद्रसपाटीवर दर तासाला लागणारी घनमीटर हवा म्हणजे वॅटची तिप्पट भागिले जितके अंश वाढ चालवून घ्यायची तो आकडा. १०० वॅट आणि ८ अंश वाढ धरली तर उत्तर येते सुमारे ३७ घनमीटर. १२ सेंटीमीटर रुंदीच्या संथ पंख्याच्या डब्यावर याच्या दुप्पट आकडा छापलेला असतो, परंतु तो मोकळ्या हवेतला. जाळी, गाळणी आणि केबलींचा अडथळा आला की त्यातला निम्मा उरतो, म्हणजे नेमका पुरेल इतका.

पंख्याइतकेच महत्त्व भोकाला आहे. ताशी ३७ घनमीटर हवा सेकंदाला एक मीटर या शांत वेगाने आत यायची तर सुमारे १०० चौरस सेंटीमीटर उघडी जागा लागते, आणि जाळीच्या पात्यांनी तिचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग अडवला जातो हे धरून प्रत्यक्षात दीडशे ते दोनशे चौरस सेंटीमीटरचे भोक कापावे लागते. पुष्कळ कपाटांत मागे केबलीसाठी पाडलेले दोन इंची गोल भोक हीच काय ती हवेची सोय असते. त्याचे क्षेत्रफळ २० चौरस सेंटीमीटर, आणि त्यातले निम्मे केबलींनीच भरलेले. येणारी हवा तळाशी, शक्यतो काचेपासून दूरच्या बाजूने घ्यावी, आणि जाणारी वर, विरुद्ध कोपऱ्यातून काढावी, म्हणजे ती सगळ्या उपकरणांवरून फिरून जाते. ही साधी गोष्टही कितीदा चुकते : दोन्ही जाळ्या शेजारी-शेजारी बसवल्या तर बाहेर टाकलेली गरम हवा लगेच शेजारच्या जाळीतून परत आत ओढली जाते. आणि बाहेर काढलेली हवा जर लगतच्या दुसऱ्या बंद कपाटात सोडली, जसे केबली लपवण्याच्या सोयीसाठी अनेकदा केले जाते, तर अर्ध्या तासात तेही कपाट तितकेच तापते.

पंखा न लावता केवळ वर-खाली भोके पाडून भागेल का, असा प्रश्न साहजिक आहे, कारण गरम हवा वर चढते या तत्त्वावर धुराडे चालते. महाराष्ट्रात जत्रांच्या मैदानांवर तंबू ठोकून ट्रकवरून सिनेमा दाखवणाऱ्या फिरत्या टॉकीजचे जुने प्रोजेक्टर याच तत्त्वावर तगले होते. त्यांत दोन कार्बन कांड्यांमधल्या विजेच्या प्रखर ठिणगीने प्रकाश मिळे, आणि त्या दिव्याच्या पेटीच्या माथ्यावर धूर आणि धग वाहून नेणारे नळकांडे असे. तिथे ज्योतीची उष्णता प्रचंड आणि नळकांडे उंच, म्हणून ओढ निर्माण होई. अर्धा मीटर उंचीच्या कपाटात १० अंशांच्या फरकाने जो दाब निर्माण होतो तो पास्कलच्या पाचव्या हिश्श्याएवढा. छोट्यातला छोटा पंखा त्याच्या कितीतरी पट दाब देतो. तेव्हा ३०-४० वॅटच्या एका उपकरणासाठी नुसती भोके पुरतील, पण पूर्ण संचासाठी नाही.

मोटरहोम बांधणाऱ्यांना हे तत्त्व ठाऊक नाही असे मुळीच नाही, आणि याचा पुरावा त्याच गाडीत, त्या कपाटापासून तीन-चार मीटरवर आहे. बहुतेक जुन्या मोटरहोममधला फ्रिज शोषण पद्धतीचा असतो. त्यात कॉम्प्रेसर नसून गॅसच्या ज्योतीने किंवा विजेच्या तापकाने अमोनियाचे द्रावण उकळवून थंडावा मिळवलेला असतो, आणि त्याच्या पाठीमागची उष्णता वाहून गेली नाही तर तो थंड करणेच सोडून देतो. म्हणून त्याच्यासाठी बाहेरच्या भिंतीत तळाशी जाळी, छतावर झाकणवाले धुराडे, मधल्या पोकळीत हवा वळवणारे पत्रे आणि पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये दिलेली अंतरे असा सगळा सरंजाम असतो. फरक पडतो तो दोषाच्या वेळेचा. फ्रिज चुकीचा बसवला तर पहिल्याच सहलीत दूध नासते आणि गाडी हमीखाली परत येते; ॲम्प्लिफायर तापत राहिला तर तीन-चार वर्षांनी जातो, तेव्हा हमी संपलेली असते आणि दोष ॲम्प्लिफायर बनवणाऱ्याच्या माथी मारता येतो. कपाट हे सुतारकाम म्हणून बांधले जाते. आत काय ठेवले जाणार याचा विचार तिथे कोणाच्याच वाट्याला येत नाही.

पंखा लावण्याच्या तपशिलांत काही बारकावे आहेत. मोटरहोमच्या घरगुती बॅटरीला १२ व्होल्टची म्हटले जाते, पण चार्जिंग चालू असताना तीच वाहिनी १४ व्होल्टच्या वर जाते. १२ व्होल्टचा पंखा थेट जोडला तर तो गरजेपेक्षा जोरात फिरतो, आवाज करतो आणि त्याचे बेअरिंग लवकर झिजते. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण वीज आठव्या हिश्श्यावर येते आणि आवाज फारच उतरतो, म्हणून एका वेगवान पंख्याऐवजी दोन मोठे संथ पंखे लावणे केव्हाही बरे. त्यांच्या तारेवर द्विधातूच्या चकतीचा थर्मोस्टॅट बसवला, म्हणजे ४३ अंशांच्या सुमारास चकती उलटून पंखा सुरू होतो आणि आठ-दहा अंशांनी उतरल्यावर थांबतो. कोणाच्या आठवणीवर काही अवलंबून राहत नाही. तारेला बॅटरीच्या बाजूने फ्यूज हवाच, कारण लाकडी कपाटात उष्णता कमी करण्याच्या नादात ठिणगीची सोय करून ठेवणे शहाणपणाचे नाही. पंखा हवा आत ढकलणारा असेल आणि त्याच्या तोंडाला धुता येणारी स्पंजाची गाळणी असेल तर कपाटातला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो आणि फटींतून धूळ आत शिरत नाही; वाळवंटी कच्च्या रस्त्यांवर हिंडणाऱ्यांना हीच रचना सोयीची, अर्थात ती गाळणी धुतली जात असेल तर.

उंचीचा मुद्दा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अमेरिकेतील मराठी कुटुंबे सुटीत भाड्याची मोटरहोम घेऊन ज्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जातात, त्याचे पठार सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे, आणि तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळपास ७९ टक्के असते. पंखा तेवढेच घनमीटर हवा ढकलतो, पण त्या हवेत उष्णता वाहणारे द्रव्यच कमी, त्यामुळे तोच परिणाम साधायला सुमारे सव्वापट हवा लागते. कित्येक उपकरणांच्या पुस्तिकेत २,००० किंवा ३,००० मीटरची जी मर्यादा छापलेली असते तिचे हेही एक कारण. डोंगरातली हवा थंड असल्यामुळे बहुतेक वेळा निभावून जाते.

छतावरच्या वातानुकूलन यंत्राची नळी थेट कपाटात वळवावी, हा मोह अनेकांना होतो. ती युक्ती धोक्याची आहे. नळीतून येणारी हवा १२-१५ अंशांची असते. तिने उपकरणाचे पत्रे थंड केले, मग यंत्र थांबले आणि गाडीचे दार उघडून बाहेरची दमट हवा आत आली की त्या थंड पत्र्यांवर दव धरते. ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते त्याला दवबिंदू म्हणतात. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत तो इतका खाली असतो की कदाचित काहीच होणार नाही, पण फ्लोरिडात किंवा टेक्ससच्या किनाऱ्यावर तो २४ अंशांच्या आसपास असतो आणि तिथे हीच युक्ती सर्किटवर पाणी शिंपडल्यासारखी ठरते. बैठकीतली, आधीच थंड आणि कोरडी झालेली हवा कपाटातून फिरवणे हा मार्ग त्यापेक्षा निर्धोक.

अर्थात कपाटाबाहेर काढलेली उष्णता गाडीतच राहते, आणि तिचा भार वातानुकूलन यंत्रावर पडतो. मोटरहोमवर सर्रास आढळणारे यंत्र ताशी १३,५०० बीटीयू क्षमतेचे, म्हणजे सुमारे चार किलोवॅट उष्णता उचलणारे असते. २०० वॅटचा करमणूक-संच त्यातला विसावा हिस्सा खातो. तळावर ३० अँपिअरची जोडणी असेल तर हे खपून जाते. खरी टंचाई जाणवते ती जोडणी नसलेल्या जागी. ॲरिझोनाच्या पश्चिम टोकाला क्वार्ट्‌झसाइट गावाजवळ केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याने १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवान्यावर दीर्घ मुक्काम करण्यासाठी मोकळी वाळवंटी जमीन राखली आहे, आणि उत्तरेच्या थंडीतून पळून येणारे ‘स्नोबर्ड’ म्हणून ओळखले जाणारे निवृत्त लोक तिथे आपल्याच बॅटरीवर आणि सौर पट्ट्यांवर राहतात. तिथे २०० वॅटचा संच चार तास चालवणे म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ६७ अँपिअर-तास काढणे, आणि शिसे-आम्लाच्या १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून धोक्याविना निम्मेच काढता येतात. बॅटरीच्या एकदिश विजेचे घरगुती विजेत रूपांतर करणारा इन्व्हर्टर जर स्वस्तातला, पायऱ्या-पायऱ्यांची लहर देणारा असेल, तर त्या ओबडधोबड लहरीने ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर आणखी तापतो. त्याची गुणगुण कानालाही ऐकू येते.

या स्नोबर्डांनी, बॅटरी वाचवण्याच्या निकडीतून, उष्णतेवरचा मुळातला उपाय पत्करला : कमी उष्णता निर्माण करणे. पारंपरिक ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता पूर्ण आवाजातही पन्नास-साठ टक्क्यांच्या घरात असते, तर ‘डी’ वर्गाच्या ॲम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टर अर्धवट न उघडता पूर्ण चालू आणि पूर्ण बंद या दोनच अवस्थांत झपाट्याने फिरत असल्यामुळे ती नव्वदच्या आसपास जाते. इंटरनेटवरून कार्यक्रम आणणारी बोटाएवढी कांडी तीन-चार वॅटवर चालते आणि ३५ वॅटच्या बॉक्सची जागा घेते. ज्यांना जुनी उपकरणे सोडवत नाहीत त्यांनी ती खालच्या सामानाच्या कप्प्यात हलवली आणि बंद दारापलीकडे रिमोटचा अदृश्य अवरक्त किरण पोहोचवण्यासाठी छोटा पुनःप्रेषक लावला; जमिनीलगतची हवा गार असते, मात्र मागे डिझेल इंजिन किंवा शेजारी जनरेटर असलेला कप्पा निवडला तर आगीतून फुफाट्यात. आणि उष्णतेने पाठ सोडली असे अजूनही म्हणता येत नाही, कारण ती छतावर गेली : स्टारलिंकची उपग्रह तबकडी उन्हात ५० अंशांना पोहोचली की स्वतःला बंद करते, असे जून २०२१ मध्ये ॲरिझोनातूनच बातम्यांत आले होते, आणि मे २०२२ मध्ये त्या कंपनीने खास मोटरहोमसारख्या वाहनांसाठी सेवाही सुरू केली.

उन्हाळ्यात गाडी आवारात बंद करून मालक निघून जातो तेव्हा तापमानाचा प्रश्न वेगळे रूप घेतो. चालू नसलेल्या पडद्यासाठी साठवणुकीची मर्यादा साधारण ६० अंश दिलेली असते. बंद काचेआड ती सहज ओलांडली जाते. द्रवस्फटिक त्या टप्प्यावर आपली रचना गमावू लागतात आणि पडदा काळवंडतो, जो निवल्यावर पुष्कळदा पूर्ववत होतो, पण त्यामागची चिकट थरांची पाने सुटली तर होत नाही. काचेवर बाहेरून चमकदार पडदा लावणे, छताचे वायुवीजन झाकण बोटभर उघडे ठेवणे आणि सुट्या बॅटरीची उपकरणे घरी नेणे यापलीकडे तिथे फारसे करता येत नाही.

महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. मुंबईच्या चित्रीकरणस्थळांवर तारे-तारकांच्या व्हॅनिटी व्हॅनमध्ये टीव्ही आणि ध्वनिसंच भिंतीतल्या कपाटात बसवण्याची रीत त्याआधीपासूनच पडलेली आहे. इथल्या बांधणीदारांपुढे हवामानाची दोन टोके आहेत : नागपूरचे, जिथे २३ मे २०१३ रोजी तापमान ४७.९ अंशांवर गेले होते, आणि कोकण किनाऱ्याचे, जिथे पावसाळ्यातली खारट, ओली हवा तांब्याच्या जोडांना हिरवी करते. दोन्हीकडे हवा बाहेरून न घेता बैठकीतून घ्यावी, असाच निष्कर्ष निघतो. इथली वाहने बहुधा बसच्या किंवा व्हॅनच्या सांगाड्यावर एकेकटी, गिऱ्हाइकाच्या सांगण्यानुसार बांधली जातात, त्यामुळे कपाटाचे प्लायवुड कापतानाच तळाशी आणि माथ्यावर दोनशे-दोनशे चौरस सेंटीमीटरची जाळी काढणे हे सुताराचे अर्ध्या तासाचे काम ठरते. गाडी तयार झाल्यावर तेच करायचे तर आधी अस्तर, दिव्यांच्या तारा आणि छताचा फोम उकलावा लागतो.